अठ्ठावन्न दात

मिरजोळ्याच्या आमच्या शेडमध्ये एरवी येतात
ट्रॉलरचे शाफ्ट, मिठाने खाल्लेले पंखे
आणि त्यांचे मालक, ज्यांना सगळं कालच हवं असतं.
हेरंब खातू मात्र पोत्यात गुंडाळून घेऊन आला
एक चकचकीत फ्लायव्हील, कोइमतूरहून मागवलेलं.
जुनं साडेसात किलोचं. हे जेमतेम तीन.
सड्यावरच्या शर्यतीत त्याला पहिला यायचंय.

दाऊदचाचांनी ते तळहातावर तोललं,
भाकरी तोलावी तसं.
"पळेल," म्हणाले. "पण आधी सुरू कशी व्हायची?"

जुन्या चाकाच्या पाठीला दातांची कडी होती.
घरं साठ, दात अठ्ठावन्न.
सेन्सर शेजारी बसून नुसते दात मोजत राहतो
आणि जिथे दोन नसतात तिथे त्याला कळतं
पिस्टन कुठवर आलाय, ठिणगी कधी टाकायची.
नवं चाक गुळगुळीत. त्यात अॅल्युमिनियमचं,
ते तर त्याला दिसतच नाही.

मिरकरवाड्यात असंच असतं.
संध्याकाळी आलेल्या होड्या कोणी मोजत नाही,
न आलेली लगेच दिसते.
हे मी चाचांना बोलले नाही.
त्यांना ते माझ्या आधीपासून ठाऊक आहे.

मग पोलादाची कडी कापायला घेतली.
डिव्हायडिंग हेडवर अठरा भोकांची चकती,
दर दाताला बारा भोकं पुढे,
पुन्हा बारा,
पुन्हा बारा.
मधे चहा आला, तो तसाच गार झाला,
कारण एक भोक हुकलं की सगळी कडी भंगारात.
साठ झाले. मग करवतीने दोन काढून टाकले.
इतकं राखून कापलेलं काढताना हात जरा अडला.

फुंकणीने तापवली तर वाकडी होईल,
म्हणून पडवेकरांच्या बेकरीत
पावांचा शेवटचा ट्रे निघाल्यावर भट्टीत सरकवली.
"कोणी खारी समजून उचलली तर मला विचारू नका,"
पडवेकर म्हणाले.
चिमट्याने काढली, चाकावर सोडली, टप्प.
थंड होताना तिने चाकाला असं धरलं
की आता सुटका नाही. दोघांना पावाचा वास.

आणि गाडी सुरू झाली नाही.
स्टार्टर खरखरला, सायलेन्सरमधून बार निघाला,
शेजारच्या कोंबड्या कौलांवर.
चूक माझी. जुन्या चाकावरची खूण कागदावर घेतली होती
आणि कागद पालथा ठेवला,
आरशात भांग दुसरीकडे दिसावा तशी
रिकामी जागा भलत्या बाजूला.

चाचा काही बोलले नाहीत.
चाक लेथला लावलं आणि माझी दीड दिवसाची कडी
पाऊण तासात कीस करून खाली पाडली.
मग हात पुसत म्हणाले,
"बाय, पडवेकराला सांग, उद्या परत."

दुसऱ्या वेळी कागदावर आधी लिहिलं: ही वरची बाजू.
सेन्सर आणि दात यांच्यात
फिलरची पट्टी अडत अडत सरकेल इतकीच फट.
हेरंबने चावी फिरवली.
दुसऱ्याच फेरीला इंजिन बोललं.

बोललं म्हणजे, धापा टाकत. पायाचा नुसता भार पडला
की किंचाळतं, पाय उचलला की गप्प.
शेडसमोरच्या चढावर तीनदा बंद पडलं,
तिसऱ्यांदा मागच्या टेम्पोवाल्याने शिवी दिली.
"जड चाक चुका पोटात घालायचं," चाचा म्हणाले,
"हे घालत नाही. पाय शीक."

हेरंब गेला, धुरळा त्याच्यामागे लाल.
पहिला येईल की नाही, माहीत नाही,
शर्यत अजून पुढच्या महिन्यात आहे.

माझ्या कप्प्यात व्हॅसलीनची एक रिकामी डबी आहे.
तीत चार दात, नखाएवढे.
दोन चुकीच्या कडीतले, दोन बरोबर.
परवा कुणाला तरी दाखवायला काढले
आणि कुठले कुठले
मलाच ओळखता आले नाहीत.